दस्त इकडे, उतारा तिकडे : माणिकपूरच्या एका घरामागची अनेक दप्तरे

थ्रेड 🧵

१/ वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला माणिकपूर लागते. येथे एखादे कुटुंब सदनिका विकत घेते तेव्हा त्याच्या फाइलीत हळूहळू कागद जमू लागतात : नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोन, महापालिकेची घरपट्टी पावती, बांधकाम परवानगीची प्रत, महारेराचा क्रमांक आणि इमारतीखालच्या जमिनीचा सातबारा. प्रत्येक कागदावर शासनाचा शिक्का असतो. त्यामुळे साहजिकच वाटते की शासनाला हे घर ठाऊक आहे.

२/ प्रत्यक्षात शासन नावाचे एकच दप्तर कधी नव्हते. यांतील प्रत्येक कागद निराळ्या कार्यालयातून, निराळ्या कायद्याखाली आणि निराळ्या शतकातून आलेला आहे. ही कार्यालये एकमेकांशी कशी बोलणार, मुळात बोलणार की नाही, हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्राने दोनदा निवडले : एकदा १९०३ मध्ये आणि दुसऱ्यांदा अलीकडच्या पंधरा-वीस वर्षांत.

३/ वसईला दप्तरे बदलण्याची सवय जुनी आहे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. वीस वर्षांनी, १५५४ मध्ये, पोर्तुगीज महसुलाचा प्रमुख अधिकारी सिमांव बोतेल्यो याने आपल्या ‘तोंबो’मध्ये, म्हणजे राज्याच्या उत्पन्नाच्या नोंदवहीत, वसईच्या मुलखाचे उत्पन्न लिहून काढले. जमिनीवरच्या देण्याला पोर्तुगीज ‘फोरो’ म्हणत. मुंबईच्या ‘फोरास रोड’च्या नावात तो शब्द अजून शिल्लक आहे.

४/ १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि शंकराजी केशव फडके सरसुभेदार म्हणून कारभार पाहू लागले. १८१८ नंतर कंपनी सरकार आले. राज्यकर्ता बदलला की वहीची लिपी, मापे आणि रकान्यांची नावे बदलत. वहीचा प्रश्न मात्र सर्वांचा एकच होता : या शेताचा सारा कोणाकडून घ्यायचा? मालक कोण, हा त्यांचा मूळ प्रश्न नव्हता. पुढचा बहुतेक गोंधळ या एका भेदातून जन्मला आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

५/ इंग्रजांनी या प्रश्नाला मोजणीची जोड दिली. प्रिंगलची पहिली पाहणी फसल्यावर १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्या पद्धतीने काम सुरू केले. जमिनीला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीला दगड मिळाले, नकाशा मिळाला. हे भूमी अभिलेखाचे दप्तर. ते ‘जमीन कोठे आणि किती’ याचे उत्तर देते.

६/ दुसरीकडे, महसूल खात्याशी काहीही संबंध न ठेवता, दस्तनोंदणीचे स्वतंत्र खाते वाढत होते. १८६४ पासून एकामागून एक नोंदणी कायदे झाले आणि १९०८ चा कायदा आजही चालू आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी असे ठरवले. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. तो सांगतो की अमुक दिवशी अमुक व्यक्तींनी हा व्यवहार लिहून दिला. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याची हमी तो देत नाही.

७/ एकाच जमिनीची दोन दप्तरे झाली खरी, पण दोघांचे प्रश्न वेगळे. विक्रीचा दस्त तालुक्याच्या गावी नोंदला जाई. गावच्या वहीत जुन्या खातेदाराचेच नाव असे, कारण सारा वेळेवर येत असेल तर ते नाव बदलण्याची घाई कोणालाच नव्हती. जमीन सावकाराकडे गेली, वाटण्या झाल्या, खातेदार वारला, तरी वहीत तो जिवंतच राही.

८/ त्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक धाडसी उत्तर निघाले होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये कायदा करून घेतला. पूर्वी ते जकातखात्याचे अधिकारी होते, आणि जहाजांच्या मालकीची नोंद जशी एका पुस्तकात होते तशी जमिनीची का नको, असा त्यांचा विचार होता. दस्तांची थप्पी नको, एकच नोंदवही हवी. तिच्यात नाव असेल तो मालक, आणि त्याची हमी राज्याची.

९/ मुंबई इलाख्याने हा मार्ग घेतला नाही. १९०३ च्या कायद्याने येथे हक्कनोंदणी, म्हणजे ‘रेकॉर्ड ऑफ राइट्स’, सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती १८७९ च्या जमीन महसूल अधिनियमात स्वतंत्र प्रकरण म्हणून घातली गेली. नोंदणी खाते होते तसेच राहिले, महसूल खातेही राहिले. त्यांच्यामध्ये फक्त एक कागद ये-जा करू लागला.

१०/ त्या कागदाची वाट आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये स्पष्ट दिसते. कलम १४९ : हक्क मिळवणाऱ्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे. कलम १५४ : दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने तलाठी आणि तहसीलदार यांना वर्दी द्यावी. कलम १५० : तलाठ्याने ती फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) लिहावी, प्रत चावडीवर लावावी, हितसंबंधितांना नोटीस द्यावी. हरकत आली तर तक्रारी प्रकरणांच्या वहीत नोंद, न आली तर मंडळ अधिकारी प्रमाणित करणार, आणि मग सातबारा बदलणार.

११/ ही रचना मूर्खपणाची नव्हती. दोन खात्यांचे विलीनीकरण न करता त्यांच्यात निरोपाची सोय केली गेली आणि निरोपानंतर गावाला हरकत घेण्याचा अवकाश ठेवला गेला. बहिणीचे नाव गाळून भावाने जमीन विकली, तर तिला कळण्याची जागा म्हणजे चावडी. निबंधकाच्या कचेरीत तिला कोणी विचारत नव्हते. कलम १५७ नेही बेताचीच भाषा वापरली : हक्कनोंदणीतील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी. हमी नव्हे, गृहीतक.

१२/ दुखणे निरोपाच्या वेगात होते. वर्दी उशिरा येई, कधी येतच नसे. मग खरेदीदारच सूची क्रमांक दोनची प्रत काखोटीला मारून तलाठी कार्यालयाच्या खेपा घाली. दस्त आणि फेरफार यांच्यामधल्या त्या काळात सातबाऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव असे. तोच उतारा दाखवून जमीन दुसऱ्यांदा विकता येई, त्याच्यावर कर्जही काढता येई. वसई तालुक्यात वाडी आणि भातशेतीच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्यावर ही फट फार महाग पडू लागली.

१३/ संगणक आला तेव्हा ही निवड पुन्हा करण्याची संधी आली. केंद्राची भूमी अभिलेख संगणकीकरण योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. त्याच सुमारास, १९८९ मध्ये, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. डी. सी. वाधवा यांच्या एकसदस्यीय समितीने नियोजन आयोगाला अहवाल दिला. त्यांचे म्हणणे टॉरेन्सच्या बाजूचे होते : गृहीतकावर चालणारी नोंद टाकावी आणि राज्याने मालकीची हमी द्यावी.

१४/ म्हणजे मांडामांडी अशी होती. एक मार्ग : सर्व खात्यांच्या नोंदी एका नोंदवहीत ओतायच्या. दुसरा : प्रत्येक खात्याने आपापले संगणक घ्यायचे आणि निरोप कागदावरच ठेवायचे. तिसरा : खाती, कायदे, अधिकार तसेच ठेवून यंत्रणांमध्ये तार जोडायची. आजच्या संगणकतज्ज्ञांच्या बैठकीत हाच वाद ‘एक मोठी प्रणाली की जोडलेल्या प्रणाली’ या नावाने होतो. त्यांना १९०३ चा कायदा माहीत नसतो, एवढाच फरक.

१५/ सुरुवातीला, कोणी मुद्दाम न ठरवता, दुसरा मार्ग घडला. सातबारे एनआयसीने तयार केलेल्या प्रणालीत भरले गेले. नोंदणी खात्याने २००१-०२ च्या सुमारास सी-डॅकची ‘सरिता’ प्रणाली घेतली. दस्त झटपट नोंदले जाऊ लागले, सातबारा छापील मिळू लागला. पण सरिताला सातबारा ठाऊक नव्हता आणि सातबाऱ्याला सरिता. जुनी फट तशीच, फक्त दोन्ही काठ आता चकचकीत.

१६/ शेजारच्या कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात वेगळा हिय्या केला. तेथे २००१ च्या सुमारास तालुक्यागणिक हस्तलिखित उतारे कायदेशीर व्यवहारातून बाद केले गेले, म्हणजे परतीचा रस्ताच बंद. पण नोंदणी खात्याची ‘कावेरी’ प्रणाली तेथेही वेगळीच उभी राहिली आणि ती भूमीला जोडण्याचे काम नंतर करावे लागले. २००८ च्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाने हा धडा सूत्ररूपात मांडला : मोजणी, हक्कनोंद आणि दस्तनोंदणी एकमेकांना जोडलेल्या असाव्यात.

१७/ महाराष्ट्राने तिसरा मार्ग पत्करला. २०१२ पासून नोंदणी खाते ‘आय-सरिता’ या मध्यवर्ती प्रणालीवर येऊ लागले आणि महसुलाच्या बाजूला ‘ई-फेरफार’ उभे राहिले. दस्त नोंदला की त्याची माहिती आय-सरितातून ई-फेरफारकडे जाते, तलाठ्याच्या खात्यात फेरफार तयार होतो, नमुना ९ ची नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी जातात आणि मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. नोटीस ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही दिसते. कलम १५४ ची वर्दी तारेवर चढली. कलम १५० ची चावडी जागच्या जागी राहिली.

१८/ ही निवड भित्रेपणाची होती, अशी टीका करता येते. टॉरेन्सचे धाडस तिच्यात नाही. तरीही ती शहाणपणाची होती असेच म्हणावे लागते. एकच नोंदवही करायची तर आधी प्रत्येक तुकड्याचा मालक अंतिमतः ठरवावा लागला असता. राज्यात सातबारे सुमारे अडीच कोटी. वारसांचे, वाटण्यांचे, कुळांचे दावे मिटेपर्यंत थांबायचे ठरले असते, तर अजून दोन पिढ्या खरेदीदाराच्या खेपा चालूच राहिल्या असत्या.

१९/ शिवाय तार जोडल्याने एक लपलेली गोष्ट उघडी पडली. जोडणी करायची तर दोन्हीकडची नावे आणि क्षेत्रे जुळली पाहिजेत. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा हेच मुळात जागोजाग जुळत नव्हते. कोठे क्षेत्राची बेरीज चुकलेली, कोठे नाव गळलेले. २०१७ मध्ये महसूल खात्याने गावोगाव ‘चावडी वाचन’ केले. संगणकातला उतारा गावकऱ्यांसमोर वाचायचा, चुका टिपायच्या, आणि लागेल तेथे कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्ती करायची. विदाशुद्धीकरण या जड शब्दाचे हे अस्सल मराठी रूप. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला.

२०/ आता माणिकपुरात परत येऊ. येथे तिसरेच दप्तर मोठे झाले होते, घरपट्टीचे. २००१ च्या जनगणनेत नवघर-माणिकपूर नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे १ लाख १६ हजार, विरारची १ लाख १८ हजार, नालासोपाऱ्याची १ लाख ८४ हजार आणि वसईची ४९ हजार होती. ३ जुलै २००९ रोजी या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. चार नगरपरिषदांच्या आकारणी वह्या आणि ग्रामपंचायतींचे नमुना ८, सर्वांचा वारस एकच.

२१/ कायद्याने हे विलीनीकरण एका वाक्यात उरकले : जुन्या संस्थांनी केलेल्या आकारण्या नव्या महापालिकेने केल्या असे मानावे. कागदावर दप्तरे एका रात्रीत एक झाली. गावांच्या मनात ती झाली नाहीत. महापालिकेला गावांतून तीव्र विरोध झाला, २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि तो वाद उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. गाव कोणत्या दप्तरात राहणार याचा निकाल लागायचा असताना त्याच गावांत घरे विकली जात होती. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि तालुक्याच्या उताऱ्यांवरचे जिल्ह्याचे नावही बदलले.

२२/ घरपट्टीच्या वहीचा प्रश्न सातबाऱ्यासारखाच आहे : कर कोण भरणार? इमारत कायदेशीर आहे का, हे ती विचारत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये तर अनधिकृत बांधकामावर शास्ती लावण्याची तरतूद आहे, आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही हेही तेथेच म्हटले आहे. तरी सामान्य माणूस घरपट्टीची पावती जपून ठेवतो. सरकार ज्याचा कर घेते ते सरकारला मान्य असणारच, हा त्याचा तर्क. चुकीचा आहे, पण त्याला दोष कसा द्यावा?

२३/ या तर्काची किंमत नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत दिसली. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत सर्व इमारती जमीनदोस्त झाल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे रस्त्यावर आली. जागेचे आरक्षण विकास आराखड्यात छापलेले होते. घर घेणाऱ्याच्या हातातल्या कागदांपर्यंत ते पोहोचले नव्हते.

२४/ ‘दस्त आणि सातबारा जोडले तरी हे कसे घडले?’ असा प्रश्न येईल. उत्तर सोपे आहे. सदनिकेचा करार नोंदला गेल्याने सातबारा बदलतच नाही. सातबारा जमिनीचा, करार त्यावरच्या इमारतीतल्या एका भागाचा. आणि ज्या प्रश्नावर सर्व अवलंबून होते, म्हणजे ‘बांधकामाची परवानगी खरी आहे का?’, त्याचे उत्तर नगररचना विभागाच्या दप्तरात होते. तेथपर्यंत तार गेलीच नव्हती.

२५/ ही उणीव केवळ वसईची नव्हे. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींसाठी महारेराचे क्रमांक मिळवले गेल्याचे उघड झाले. महारेरा १ मे २०१७ पासून काम करू लागले होते. त्याच्यापुढे आलेली परवानगी कागद म्हणून नीट होती, पण तो कागद ज्या कार्यालयाने दिला असे दिसत होते त्याला विचारण्याची सोय प्रणालीत नव्हती. एका वास्तुविशारदाने जनहित याचिका केली. त्यानंतर नियोजन प्राधिकरणांची संकेतस्थळे महारेराशी जोडण्याचे निर्देश निघाले.

२६/ आणि जोडणी पूर्ण होईपर्यंत? जून २०२३ मध्ये महारेराने एक साधा नियम केला. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र विकासकाने दिले तेवढ्यावर भागणार नाही. स्थानिक संस्थेने ते आपल्या अधिकृत ई-मेलवरून महारेराला थेट कळवले पाहिजे. ऐकून हसू येईल, पण ही १९०३ चीच पद्धत आहे : खाती वेगळी ठेवा, लाभार्थ्याच्या हाती निरोप देऊ नका, कार्यालयाने कार्यालयाला वर्दी द्यावी.

२७/ मग माणिकपूरच्या त्या कुटुंबाच्या इमारतीखालचा सातबारा कोणाच्या नावे असतो? अनेक ठिकाणी मूळ जमीनमालकाच्या वा विकासकाच्या, इमारतीला तीस वर्षे झाली तरी. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे विकासकाने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. तो टाळत असेल, तर २००८ च्या दुरुस्तीपासून मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे. अर्ज करायचा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. म्हणजे आणखी एक खाते, आणखी एक दप्तर.

२८/ त्या आदेशावरून दस्त होतो, तो दुय्यम निबंधकाकडे नोंदला जातो आणि तेथून पुढची वाट ओळखीची आहे. आय-सरितातून वर्दी निघते, तलाठ्याच्या खात्यात फेरफार उमटतो, नमुना ९ ची नोटीस जाते. पंधरा दिवसांत मूळ मालकाच्या वारसांपैकी कोणी हरकत घेतली नाही, तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि भातशेताच्या जुन्या सर्व्हे नंबरसमोर गृहनिर्माण संस्थेचे नाव लागते.